भीमराजचा क्षण

"मी कधीपर्यंत निघायचं, ते एकदा सांगून टाक बाई," कुंदाआत्या म्हणाली आणि परातीतल्या मेथीची पुढची काडी उचलली. वर बघितलंसुद्धा नाही. माझी लेक उपी मांडीवर चमचा चघळत होती, मी तिच्या हनुवटीवरची लाळ पुसत होते, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "अगं, काय घाई आहे!" चांगलंच बोलायला गेले होते. पण शब्द बाहेर पडून मेथीच्या ढिगावर बसल्यावर ते मला नीट ऐकू आले. काय घाई आहे, म्हणजे निघायचं हे ठरलेलंच, नुसती तारीख राहिली. कुंदाआत्यालाही तसंच ऐकू आलं असणार. तिने मान हलवली, बरं म्हणाली, आणि उपीसाठी गुरगुट्या भात लावायला उठली. काहीच झालं नाही. रिक्षात बसून घाटकोपरला येईपर्यंत मात्र माझ्या कानामागे काहीतरी सारखं फडफडत होतं.

कुंदाआत्या राहते ते घर मुलुंड पूर्वेला आहे, दुसऱ्या मजल्यावर, दोन खोल्या आणि एक लांबट स्वयंपाकघर. ते माझ्या मित्राआत्याचं, म्हणजे पप्पांच्या थोरल्या बहिणीचं, संघमित्राचं. मित्राआत्या जर्मनीत कासेल नावाच्या गावी नर्स होती. उभी हयात तिथे काढली तिने, आणि गेल्या फेब्रुवारीत तिथेच गेली, झोपेत, दोन दिवस दारातला पेपर उचललेला नाही हे बघून शेजारणीने दार उघडवलं. कुंदाआत्या ही तिची नणंद. मित्राआत्याचं लग्न जेमतेम वर्षभर टिकलं, कारण नवराच टिकला नाही. भीमराज त्याचं नाव. कांजूरच्या कारखान्यातून पाळी संपवून सायकलवर येत होता, मागून ट्रक आला. मागे राहिल्या एक चोवीस वर्षांची विधवा आणि एकोणीस वर्षांची नणंद, आणि लोकांना वाटलं होतं की आता ही माहेरी जाईल. ती माहेरी गेली नाही, जर्मनीला गेली. पुढे तिकडच्या पगारातून हे घर घेतलं, आणि त्यात कुंदाआत्याला आणून ठेवलं. कुंदाआत्या टेलिफोन खात्यात ऑपरेटर होती, लग्न केलं नाही. दर हिवाळ्यात मित्राआत्या दोन महिने यायची. त्या दोन महिन्यांत त्या दोघी इतक्या भांडायच्या, की लहानपणी मला वाटायचं जर्मनी म्हणजे भांडण मिटवायला जायची जागा आहे.

आता मला जे लिहायचंय ते लिहिण्याआधी सांगून टाकते, की हा विषय मला आवडतो. आवडतो म्हणजे कसा, तर वारसाहक्काच्या कायद्यातलं एखादं कोडं सुटायला लागलं की माझ्या छातीत दूध उतरतं. हे कुणाला सांगायची सोय नाही. विकीला, माझ्या नवऱ्याला, सांगितलं तर तो म्हणाला, "यार मीरा, तू नॉर्मल नाहीस," आणि इतका हसला की उपी उठली. मी बाळंतपणाच्या रजेआधी एका वकिलांच्या कचेरीत होते, परदेशात राहणाऱ्या लोकांच्या इस्टेटी बघायचे. माणूस एका देशात मरतो, घर दुसऱ्या देशात, ठेव तिसऱ्या देशात, आणि प्रत्येक देशाचा कायदा येऊन त्याचा एकेक हातपाय धरून म्हणतो, हा माझा. एकाच मरणाला तीन-तीन वारस लागतात, आणि तिन्ही खरे. हे सगळे कायदे एका सुरात आणायचा प्रयत्न पूर्वीही झालाय. एक करार तर कागदावर पूर्ण झाला आणि कधी अमलातच आला नाही. आता काही देशांतल्या प्राध्यापकांनी आणि वकिलांनी मिळून नवा मसुदा करायला घेतलाय, आणि ज्यांनी अशी प्रकरणं हाताळलीत त्यांच्याकडून टिपणं मागवली होती. मी पाठवलं. उपी पायावर झोपलेली, पायाला मुंग्या, एका हाताने टाइप करून. आणि त्यांनी मला बोलायला बोलावलं. ऑनलाइन, शुक्रवारी दुपारी, दहा मिनिटं. मेल वाचून मी स्वयंपाकघरात एकटीच गोल गोल फिरले. उपीला उचलून तिच्या पोटावर तोंड दाबून ओरडले, "दहा मिनिटं! तुझ्या आईला!"

टिपणात उदाहरण म्हणून मी मित्राआत्या घेतली होती. नाव न घेता, "एक परिचारिका" म्हणून. इतकं स्वच्छ उदाहरण मला दुसरं मिळालं नसतं. तिने मृत्युपत्र केलंच नव्हतं. म्हाताऱ्यांच्या वॉर्डात काम केलेली बाई, मृत्युपत्रांवरून बेडभोवती भांडणारी मुलं बघितलेली, तरी पप्पांनी विषय काढला की म्हणायची, "कुंदा आहे ना." तिच्या डोक्यात तेवढ्यावर काम झालेलं होतं. तर जर्मनीचा कायदा विचारतो, बाई शेवटी कुठे राहत होती? कासेलला. मग तिचं जगात कुठेही जे काही असेल ते आमच्या कायद्याने वाटायचं: मूल नाही, नवरा नाही, आईवडील नाहीत, तर भाऊ. म्हणजे पप्पा. इथला कायदा म्हणतो, ते असू दे, घर कुठल्या मातीवर उभं आहे? मुलुंडच्या. मग इथला कायदा. आणि इथल्या कायद्यात ते कलम आहे, ज्याच्यावर माझा कॉलेजपासून राग आहे. मूलबाळ नसलेली, नवरा आधी गेलेली हिंदू बाई (आणि या कायद्यापुरते आम्ही बौद्धही त्यातच मोडतो) मृत्युपत्र न करता गेली, तर तिने स्वतःच्या कष्टाने कमावलेलं तिच्या माहेरी येत नाही. नवऱ्याच्या वारसांना जातं. कसं जातं, तर कायदा असं धरून चालतो की ती मालमत्ता नवऱ्याचीच होती, आणि तो तिच्या पाठोपाठ, लगेच, मेला.

हे मी शंभर वेळा वाचलं असेल, दुसऱ्यांसाठी. आत्याच्या नावाने पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी भीमराजला उठताना बघितलं. एकोणीसशे पंच्याहत्तरच्या आसपास शिवलेल्या मोठ्या कॉलरच्या शर्टात, तसबिरीत आहे तसा, सव्वीस वर्षांचा. गेल्या फेब्रुवारीत, बायको कासेलला झोपेत गेली त्या पहाटे, कायद्याने त्याला उठवलं, मुलुंडच्या घराचं मालक केलं, आणि मालकी हातात पडते न पडते तोच परत मारलं. एक क्षण. त्याच्यापेक्षा चाळीस-पंचेचाळीस वर्षांनी म्हाताऱ्या होऊन गेलेल्या बायकोच्या घराचा मालक, एक क्षणभर. आणि त्या क्षणातून घर घरंगळत आलं त्याच्या एकुलत्या उरलेल्या बहिणीकडे. कुंदाआत्याकडे.

म्हणजे घर कुंदाआत्याचं आहे. आणि हे मला माहीत आहे, आणि तिला माहीत नाही.

कुणालाच माहीत नाही. सोसायटीत नॉमिनी म्हणून पप्पांचं, धम्मपाल यांचं, नाव आहे, आणि आपल्याकडे नॉमिनी म्हणजेच मालक असं सेक्रेटरीपासून वॉचमनपर्यंत सगळे मानतात. खरं तर नॉमिनी म्हणजे ज्याच्या हातात खऱ्या वारसाला देण्यापुरतं घर ठेवतात तो. मित्राआत्याची समजूत तर याहून झकास होती. तिने मला एकदा सांगितलं होतं: सेक्रेटरी घाईत होता, म्हणाला मॅडम एक नाव द्या, तुमची विमानाची वेळ झालीय, कुंदा ड्यूटीवर, मग दिलं धम्माचं. "नॉमिनी म्हणजे गं, पाइप फुटला तर सोसायटीने कुणाला फोन करायचा, तो." तिच्या जर्मन घरात असा एक शेजारी नेमलेला असायचा म्हणे. पाइपासाठी दिलेल्या त्या नावावर आता पप्पा घर घेणार होते, आणि मला देणार होते.

पप्पा वाईट नाहीत. गेल्या महिन्यात आमच्या भाड्याच्या खोलीत आले, उपीच्या झोळीला डोकं आपटलं, तसेच खाली बसले आणि म्हणाले, "मित्राचं घर तुला. मला ठाण्याला काय कमी आहे? नात माझी मोकळ्या हवेत रांगली पाहिजे." "आणि कुंदाआत्या?" मी विचारलं. "कुंदीला भाचे आहेत चुलत, चेंबूरला. आणि आपण काय उद्या बाहेर काढतोय का? सावकाश जाईल की." मी वकील आहे, पप्पांची वकील मुलगी, कौतुकाने सगळ्या नातेवाइकांना सांगितलेली. आणि मी उकडलेला बटाटा कुस्करत गप्प बसले. कारण तेवढ्यात मला मुलुंडची मागची खोली दिसली होती. तिच्या खिडकीत सकाळी पूर्वेचं ऊन येतं आणि बदामाची फांदी. त्या खोलीला दार आहे. दार लावलं की लागतं! आमच्या खोलीत मी मोरीच्या उंबऱ्यावर लॅपटॉप ठेवून टिपण लिहिलंय. पुढच्या वेळी मुलुंडला गेले तेव्हा कुंदाआत्या चहा टाकत होती आणि मी मागच्या खोलीत जाऊन ओढणीने खिडकीचं माप घेतलं. टेबल बसेल का म्हणून. ओढणीला गाठ मारून आणली, आणि घरी येऊन ती गाठ सोडताना मला इतका आनंद झाला होता, की तो आनंद चोरीचा आहे हे कळायलाच दोन दिवस गेले.

आणि गंमत बघा, माझा युक्तिवाद बरोबर होता. आहेच. बाईच्या कष्टाचं तिच्या मेलेल्या नवऱ्याच्या गोताला का जावं? एक मरण, एक कायदा, शेवटी राहत होती तिथला. मसुद्यातलं हे तत्त्व मला मनापासून पटतं. ते आलं असतं तर घर सरळ पप्पांचं, म्हणजे माझं. माझ्या तत्त्वाने मला घर मिळतं आणि मी ज्याच्यावर थुंकते त्या कलमाने कुंदाआत्याला. आठवडाभर मी हे डोक्यात उलटंसुलटं करत होते, उपीला न्हाऊ घालताना, डाळ घोटताना. चांगला कायदा चुकीच्या माणसाला देतो. वाईट कायदा बरोबर माणसाला देतो, तेही चुकीच्या कारणाने, एका मेलेल्याला क्षणभर उठवून! घाबरायला व्हायचं, आणि त्याच वेळी अंगावर काटा यायचा, की अरे, इथे काहीतरी आहे, कुणाच्याच टिपणात नसलेलं. दोन्ही कायदे वेगवेगळे प्रश्न विचारतात, आणि त्या दोघी हिवाळ्यात तिथे काय करत होत्या हे एकही विचारत नाही. मित्राआत्या विमानतळावरून आली की चपला काढण्याआधी स्वयंपाकघरात जाऊन डबे उघडायची. "कुंदे, हिंग कुठे हलवलास?" "माझ्या स्वयंपाकघरात मी हिंग कुठेही ठेवीन वहिनी." "घर कुणाचं?" "तुमचं. हिंग माझा." आणि दोघी हसायच्या, मी त्यांच्यामध्ये फ्रॉक धरून उभी. मला तेव्हा कळायचं नाही त्यात हसण्यासारखं काय.

गुरुवारी दुपारी उपीला कडेवर मारून रिक्षा केली. हायवेला विक्रोळीपाशी गाड्या तुंबलेल्या. उपी रिक्षाच्या पडद्याचा बंद चोखत होती. मी स्वतःशी सांगत होते की नुसतं भेटायला चाललेय. पण ओठ आपोआप हलत होते, कोर्टात उभं राहण्याआधी हलतात तसे.

कुंदाआत्याने दार उघडलं आणि उपीला घेतलं, मला बाजूला सारून. "ये गं माझी चिमणी. ही कोण आली तुझ्याबरोबर?"

"कुंदाआत्या, हे घर तुझं आहे," मी उंबऱ्यातच म्हणाले.

"वहिनी पण हेच म्हणायची. आत ये, डास येतात."

"नाही गं, कायद्याने. खरंच तुझं. पप्पांचं नाव नुसतं सांभाळण्यापुरतं आहे. खरी वारस तू."

ती उपीला कडेवर घेऊन तशीच उभी राहिली. "मी? मी कोण लागते तिची?"

"तिची म्हणून नाही. भीमराजची बहीण म्हणून." मग मी खाटेवर बसून सगळं सांगितलं, कलम, धरून चालणं, उठवणं, मारणं. माझा आवाज चढत गेला, हात हलायला लागले. मला थांबता येईना. कुंदाआत्या ऐकता ऐकता हसायला लागली. उपीही तिच्याकडे बघून हसायला लागली.

"भीमादादा? घरमालक? अगं, त्याच्याकडे स्वतःची सायकल नव्हती. ज्या सायकलवर मेला ती पण मागून आणलेली. महिनाभर सायकलवाला दारात यायचा." हसू ओसरलं. पदराने उपीचं नाक पुसलं, पुसायचं काही नसताना. मग हळूच म्हणाली, "त्या तेवढ्यात त्याला दिसलं असेल का गं घर?"

कायद्यात त्याबद्दल काही नाही.

"नसेल दिसलं," तीच म्हणाली. "एवढ्याशा वेळात त्याला काय कळणार कुठली खोली कुठे. दिवा कुठे लावायचा ते पण नाही कळणार." आणि एकदम तिचा चेहरा बदलला. "आणि वहिनीचं काय? म्हाताऱ्यांचं हगणंमुतणं तिने काढलं परक्या मुलखात, आणि देणार कोण, तर दादा? तिने दिलं असं कुठेच नाही?"

"नाही."

"एका ओळीतपण?"

"नाही गं."

"मग कसला डोंबलाचा कायदा शिकलीस तू!" ती खरंच चिडली होती. "मला तिच्याकडून पाहिजे. दादाकडून नको."

"तसं मिळत नाही, आत्या. आज तरी नाही."

ती खिडकीपाशी जाऊन उभी राहिली. उपीने तिच्या कानातली कुडी धरली, ती तिने न बघता सोडवली. मी वाट बघत होते. खरं सांगते, त्या अर्ध्या मिनिटात माझ्या मनात एक कोपरा असा होता, जो आशेने बसला होता: आता ही म्हणेल, जाऊ दे पोरी, मला एकटीला काय करायचंय, तूच घे. गोष्टींतली म्हातारी माणसं असंच म्हणतात.

"घेणार मी," कुंदाआत्या वळून म्हणाली. "दादाकडून तर दादाकडून. उगाच मोठेपणा करणार नाही, सांगून ठेवते. तीस वर्षं झाडलंय हे घर." मग डोळे बारीक करून, "तुला पाहिजे होतं ना? ओढणीने खिडकी मोजत होतीस. मला काय, चहा टाकला म्हणजे दिसत नाही?"

"पाहिजे होतं," मी म्हणाले. "लिहायला."

"मग लिहायला ये की! दुपारी ये. मला तशीपण ही पोर पाहिजेच असते. पण खोली माझी, आणि दाराला कडी लावायची नाही. वास कोंडतो."

परतताना मी रडेन असं वाटलं होतं. झालं उलटंच. रिक्षाच्या धडधडाटात मांडीवर उपी झोपलेली, आणि मी फोनवर अंगठ्याने भाषणाची एकेक ओळ खोडत होते. एकच कायदा हवा, हो, अजूनही. पण त्याने माणूस गेल्यावर रक्तावरून नि लग्नावरून अंदाज बांधत बसू नये. जिवंतपणी, तोंडावर, विचारायची सोय करा: जिथे ती राहते त्या देशाने विचारलेलं, जिथे घर आहे त्या देशाने मानायचं, आणि उत्तर "कुंदा आहे ना" एवढंच असलं तरी चालायला हवं. न विचारताच गेली, तर आधी बघा की तिच्याबरोबर एका छपराखाली कोण होतं. यात शंभर भोकं होती. छप्पर वर्षाला दोनच महिने, मग ते एक कसं? मला भोकं दिसत होती आणि प्रत्येक भोकातून उजेड येत होता, मी रिक्षावाल्याला दोनदा चुकीच्या गल्लीत वळवलं.

संध्याकाळी पप्पांना फोन केला. घर कुंदाआत्याचं आहे आणि तिला तसं कळवलंय, हे सांगून टाकलं. "तू माझी मुलगी का तिची वकील?" ते म्हणाले.

"खोटं बोलू का मग?"

"खोटं बोल कुठे म्हटलं? मी गप्प बस म्हटलं असतं. विचारलं असतंस तर."

"म्हणून नाही विचारलं."

"नातीला एक खोली देणार होतो," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज मला ऐकवेना. "तुझी आजी म्हणायची, पोरगी शिकवली की आपल्याच ताटातलं उचलून शेजारी वाढते." जरा थांबून खाकरले. "कुंदीला सांग, मागची भिंत ओल धरते. एप्रिलमध्येच बघून घे म्हणावं. मित्राला तीनदा सांगितलं, ऐकलं नाही तिने." आणि फोन ठेवला. विकीने मी काही न बोलताच ओळखलं. "म्हणजे पुढच्या करारापर्यंत मोरीचा उंबराच?" म्हणाला, आणि कांदा चिरायला घेतला.

शुक्रवारी दुपारी मी मुलुंडच्या मागच्या खोलीत बसले. टेबल नव्हतंच, शिलाई मशीनच्या झाकणावर लॅपटॉप. दाराला कडी नाही. बाहेर कुंदाआत्या उपीला घेऊन फेऱ्या मारत होती आणि जुन्या सवयीने तिला ऑपरेटरच्या आवाजात सांगत होती, "होल्ड करा, आई लाइनवर आहेत." पडद्यावर चौकटीत चौकटी, कुठे सकाळ, कुठे रात्र, सगळे माझ्याहून मोठे. अध्यक्षीणबाई पांढऱ्या केसांच्या. बोलण्याआधी प्रत्येकाने एक गोष्ट नोंदवायची होती, हे मला तिथे कळलं: या विषयात आपला काही वैयक्तिक हितसंबंध आहे का. एकेक जण सांगत गेला, नाही, नाही, काही नाही. माझं नाव आलं. मी माइक चालू केला.

"होता," मी म्हणाले. "काल दुपारपर्यंत."